आज्ञावलीतील दोष आणि त्यांचे निदान

केळव्याच्या वाडीत पानवेलीची पाने पिवळी पडू लागली, म्हणजे जाणता बागायतदार वेल उपटून टाकीत नाही. तो प्रथम वेलीच्या बुडाशी बसतो, माती हातात घेऊन ओल पाहतो, पाणी कोठे तुंबले आहे काय याचा शोध घेतो, आणि मगच उपाय योजतो. संगणकाची आज्ञावली लिहू लागलेल्या शिक्षकानेही हीच रीत अंगी बाणवली पाहिजे. आज्ञावली अडली की ती सारी पुसून नव्याने लिहावयास बसणे, किंवा मनास येईल तो शब्द बदलून पाहणे, हे वेल उपटण्यासारखेच होय.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये इयत्ता सहावी ते आठवीच्या टप्प्यावर आज्ञावलीलेखनाशी संबंधित उपक्रम घेण्याचे सुचविले आहे. ज्या शिक्षकबंधुभगिनींनी हे काम हाती घेतले असेल, त्यांना पहिली अडचण भाषेच्या नियमांची येत नाही. ती दोषांची येते. पुस्तकातील उदाहरण जसेच्या तसे टंकले तरी यंत्र लाल अक्षरांत इंग्रजी आक्षेप नोंदविते, आणि अनेकांचा उत्साह तेथेच मावळतो. हे आक्षेप कसे वाचावेत, नेहमी आढळणारे दोष कोणते, आणि ज्यांविषयी यंत्र एक अक्षरही बोलत नाही असे दोष कसे ओळखावेत, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. त्यांपैकी शेवटचा प्रकार सर्वांत महत्त्वाचा आहे, हे आरंभीच सांगून ठेवतो.

भाषेचा परिचय

शाळेच्या कामास सोयीची म्हणून येथे पायथॉन ही भाषा घेतली आहे. नेदरलँड्समधील गुइडो व्हान रॉसम यांनी ती १९९१ मध्ये प्रथम प्रसिद्ध केली. तिचे नाव अजगरावरून नव्हे, तर बी.बी.सी.वरील एका विनोदी मालिकेवरून ठेवलेले आहे. ती विनामूल्य मिळते. या जातीच्या भाषांत लेखकाने लिहिलेल्या आज्ञा एक दुभाषी कार्यक्रम वाचतो आणि लगोलग अमलात आणतो. त्यामुळे लिहिले की लगेच चालवून पाहता येते, ही शिकणाऱ्यास मोठी सोय आहे.

एक खुलासा आवश्यक आहे. पायथॉनचे स्वतःचे शब्द यंत्रावर रोमन लिपीतच टंकावे लागतात. या लेखात ते उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापले आहेत. मात्र आपण ठेवलेली नावे, उदाहरणार्थ ‘उपस्थिती’ किंवा ‘एकूण’, ही आजच्या पायथॉनमध्ये देवनागरीतही चालतात.

उदाहरणासाठी केळव्यातील एका कल्पित शाळेच्या शिक्षिका घेऊ. त्यांना रोजच्या हजेरीवरून शालेय पोषण आहारासाठी किती तांदूळ लागेल याचा हिशेब करावयाचा आहे. पहिली ते पाचवीच्या प्रत्येक मुलास दररोज १०० ग्रॅम व सहावी ते आठवीच्या मुलास १५० ग्रॅम धान्य असे प्रमाण आहे. शिवाय बरेच दिवस गैरहजर असलेल्या मुलांची यादी त्यांना हवी आहे, म्हणजे त्या मुलांच्या घरी जाऊन चौकशी करता येईल. काम लहान आहे. परंतु चुकले तर त्याचा परिणाम मुलांच्या ताटापर्यंत आणि पटापर्यंत पोहोचतो.

यंत्राचा आक्षेप खालून वर वाचावा

आज्ञावली अडली म्हणजे पडद्यावर अनेक ओळींचा संदेश उमटतो. तो पाहून गोंधळू नये. संदेशाची शेवटची ओळ प्रथम वाचावी. तीत आधी दोषाचे नाव व नंतर थोडक्यात कारण दिलेले असते. तिच्या वरच्या भागात फाइलचे नाव, ओळीचा क्रमांक व ती ओळ छापलेली असते. ‘काय बिघडले’ हे तळाशी आणि ‘कोठे बिघडले’ हे त्याच्या वर, एवढे ध्यानात ठेवले की निम्मे काम झाले.

मात्र दाखविलेली ओळ ही यंत्र जेथे अडखळले ती जागा होय. चूक तिच्या आधीही असू शकते. कंस उघडून मिटवावयाचा राहिला, तर जुन्या आवृत्त्या पुढच्याच ओळीवर बोट ठेवीत आणि नवशिका त्या निर्दोष ओळीत चूक शोधीत बसे. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या ३.१० या आवृत्तीपासून ‘हा कंस मिटविलेलाच नाही’ असा स्पष्ट संदेश मिळू लागला. तरीही दाखविलेल्या ओळीत काही सापडले नाही, तर तिच्या वरची ओळ पाहावी, हा नियम पाळावा.

लेखनाचे दोष

पहिला वर्ग लेखननियमांच्या उल्लंघनाचा. त्याचे नाव ‘सिंटॅक्स एरर’. यंत्र संपूर्ण फाइल आधी तपासते, म्हणून असा दोष असेल तर एकही आज्ञा अमलात येत नाही. त्याची नेहमीची कारणे अशी :

(१) अवतरणचिन्हे. भ्रमणध्वनीवरील संदेशातून किंवा टंकलेखनाच्या कार्यक्रमातून आज्ञा उचलून चिकटविल्या, तर त्यांतील अवतरणचिन्हे वाकडी, शोभेची असतात. पायथॉनला सरळ चिन्हेच चालतात. डोळ्यांना फरक किंचित दिसतो. यंत्रास ते सर्वस्वी निराळे चिन्ह वाटते.

(२) अंक. आज्ञावलीत थेट ‘३८’ असे देवनागरी अंक लिहिले तर ते अवैध ठरतात. तेथे इंग्रजी अंकच हवेत. परंतु गंमत अशी, की आज्ञावली चालू असताना कोणी ‘३८’ हा मजकूर देवनागरीत भरला, तर ‘इंट’ ही आज्ञा त्याचे संख्येत बिनचूक रूपांतर करते. म्हणून माहिती भरणाऱ्याने मराठी अंक वापरण्यास हरकत नाही. लिहिणाऱ्याने मात्र ते टाळावेत.

(३) बरोबरीचे चिन्ह. एक चिन्ह म्हणजे ‘हे मूल्य त्या नावाखाली ठेव’. जोडचिन्ह म्हणजे ‘ही दोन समान आहेत काय?’. आज्ञा आणि प्रश्न यांतील हा भेद आहे. अटीमध्ये एकच चिन्ह दिले तर यंत्र अडते.

(४) समास. पायथॉनमध्ये कोणत्या आज्ञा कोणत्या अटीखाली येतात हे ओळीच्या आरंभीच्या मोकळ्या जागेवरून ठरते. चार मोकळ्या जागांचा समास रूढ आहे. कोठे चार, कोठे तीन, कोठे ‘टॅब’ अशी सरमिसळ झाली की ‘इंडेंटेशन एरर’ किंवा ‘टॅब एरर’ येतो. फळ्यावर समास सोडून लिहावयास मुलांना शिकविणाऱ्यास हा नियम जाचक वाटू नये.

(५) जुनी उदाहरणे. पायथॉनच्या दुसऱ्या आवृत्तीत ‘प्रिंट’ या आज्ञेस कंस लागत नसे. तिसऱ्या आवृत्तीत तो अनिवार्य आहे. दुसऱ्या आवृत्तीची देखभाल १ जानेवारी २०२० पासून थांबली. हाती आलेले उदाहरण जुने असेल तर प्रथम येथेच अडखळावे लागते.

चालता चालता येणारे दोष

दुसऱ्या वर्गातील दोष लेखननियमांत बसणाऱ्या, पण अर्थाने अशक्य अशा आज्ञेमुळे येतात. येथे आधीच्या आज्ञा अमलात येऊन गेलेल्या असतात, हे विसरू नये. काम अर्धवट झालेले असू शकते.

‘नेम एरर’ म्हणजे अपरिचित नाव. ‘उपस्थिती’ असे नाव ठेवून पुढे ‘उपस्थीती’ लिहिले, तर यंत्र ऱ्हस्वदीर्घाची चूक सांभाळून घेत नाही. शुद्धलेखनाचा इतका कठोर परीक्षक दुसरा नाही. रोमन शब्दांत मोठ्या व लहान लिपीचा भेदही असाच पाळावा लागतो.

‘टाइप एरर’ म्हणजे विजातीय गोष्टींची सांगड. ‘मुले’ या शब्दात ३८ ही संख्या मिळवावयास सांगितले, तर यंत्र नकार देते. ‘व्हॅल्यू एरर’ म्हणजे जात योग्य, पण मूल्य अयोग्य. हजेरीचा रकाना रिकामा राहिला किंवा तेथे कोणी ‘रजा’ असे लिहिले, तर त्याची संख्या करता येत नाही.

‘इंडेक्स एरर’ समजावयास आपला लोहमार्ग उपयोगी पडेल. विरार, वैतरणा, सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी, बोईसर, वाणगाव, डहाणू रोड अशी नऊ स्थानकांची यादी करावी. पायथॉन मोजणी शून्यापासून करते. म्हणून विरार शून्य क्रमांकाचे, केळवे रोड तिसऱ्या आणि डहाणू रोड आठव्या क्रमांकाचे ठरते. नववे स्थानक मागितले तर ‘यादीबाहेरचा क्रमांक’ असा आक्षेप येतो. ‘रेंज’ या आज्ञेस १ ते ९ असे सांगितले, तर ती ८ वरच थांबते. शेवटची मर्यादा ती धरीत नाही. मुलांना हीच यादी देऊन प्रत्येक क्रमांकास कोणते स्थानक येते ते विचारावे. नियम पाठ करून घेण्याची गरज पडणार नाही.

‘झिरो डिव्हिजन एरर’ म्हणजे शून्याने भागाकार. अतिवृष्टीमुळे एखाद्या दिवशी वर्गात कोणीच आले नाही आणि त्या संख्येने सरासरी काढू गेलो, तर हा दोष येतो. आज्ञावली लिहिताना नेहमीच्या दिवसाबरोबरच असा दिवसही डोळ्यांपुढे ठेवावा.

‘फाइल नॉट फाउंड एरर’ आला म्हणजे फाइल दुसऱ्या कप्प्यात आहे, किंवा तिचे खरे नाव दिसते त्याहून वेगळे आहे, असे समजावे. विंडोज प्रणालीत नावाचे शेपूट पुष्कळदा लपविलेले असते. आपण ‘हजेरी’ची सीएसव्ही फाइल म्हणून ठेवलेली वस्तू प्रत्यक्षात साधी मजकुराची फाइल निघते.

आणखी एक फसवा दोष सांगितला पाहिजे. मुलांसाठी चित्रे काढणारी ‘टर्टल’ ही ग्रंथिका पायथॉनबरोबरच मिळते. शिक्षक आपल्या पहिल्या फाइलीस हौसेने ‘टर्टल’ असेच नाव देतात. मग पायथॉन मूळ ग्रंथिकेऐवजी शिक्षकांचीच फाइल उघडते आणि ‘यात अशी आज्ञाच नाही’ म्हणून तक्रार करते. फाइलीस ग्रंथिकेचे नाव देऊ नये, एवढाच यावर उपाय.

एक धोक्याची सूचना : फाइल ‘लेखनासाठी’ म्हणून उघडताच तिच्यातील जुना मजकूर पुसला जातो, आणि पुढे दोष आला तर नवा मजकूरही लिहिला जात नाही. हजेरीच्या एकमेव प्रतीवर आज्ञावली कधीही चालवू नये. आधी प्रत काढावी.

देवनागरी मजकुराच्या अडचणी

इंग्रजी पुस्तकांत सहसा न आढळणारा, पण आपल्याला रोज भेटणारा हा भाग आहे. संगणक अक्षर जाणत नाही. तो प्रत्येक चिन्हाचा क्रमांक जाणतो. जगातील लिप्यांना असे क्रमांक देणाऱ्या युनिकोड या पद्धतीत देवनागरीसाठी स्वतंत्र विभाग आहे. पायथॉनला ‘केळवे’ या शब्दाची लांबी विचारली तर ती तीन नव्हे, पाच सांगते. कारण क, एकाराची मात्रा, ळ, व आणि पुन्हा एकाराची मात्रा अशी पाच चिन्हे ती मोजते. शब्द उलटा करावयास सांगितले तर मात्रा भलत्याच अक्षरावर बसतात. हा यंत्राचा बिघाड नसून मोजण्याच्या एककातील फरक आहे.

फाइल उघडताना सांकेतिक पद्धत न सांगितल्यास विंडोजवर पुष्कळदा युरोपीय लिपीची पद्धत गृहीत धरली जाते. मग ‘युनिकोड डीकोड एरर’ तरी येतो, नाही तर मराठी नावांच्या जागी विचित्र रोमन चिन्हांची रांग दिसते. फाइल उघडताना ‘एन्कोडिंग’ म्हणून ‘यूटीएफ-आठ’ असे सांगावे, म्हणजे हा दोष जातो.

एक्सेलमधून काढलेल्या यूटीएफ-आठ सीएसव्ही फाइलीत आरंभी एक अदृश्य चिन्ह असते. ते पहिल्या रकान्याच्या शीर्षकास चिकटते. ‘नाव’ हा रकाना डोळ्यांसमोर असूनही पायथॉन ‘की एरर’ देते, म्हणजे असे शीर्षकच नाही म्हणते. बाकीचे सर्व रकाने मात्र सुरळीत मिळतात. केवळ पहिलाच रकाना सापडत नसेल तर हेच कारण समजावे आणि सांकेतिक पद्धत ‘यूटीएफ-आठ-सिग’ अशी सांगावी.

जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टांत टंकलेल्या याद्या हा आणखी वेगळा प्रकार आहे. तेथे फाइलीत मुळात रोमन चिन्हे असतात. तो फॉन्ट त्यांना देवनागरी रूप देतो, एवढेच. अशी यादी पायथॉनमध्ये दुरुस्त होत नाही. ती आधी परिवर्तकाने युनिकोडमध्ये आणावी लागते आणि मग डोळ्यांखालून घालावी लागते.

वर्णानुक्रमाचीही गोष्ट अशीच. मराठी वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो. युनिकोडच्या क्रमात तो ल आणि व यांच्या मध्ये आहे. म्हणून यंत्राने लावलेल्या क्रमात ‘केळ’ हा शब्द ‘केस’च्या आधी येतो. क्ष ने आरंभ होणारी नावे तर क च्या गटात जाऊन बसतात. यादी चुकली असे वाटून गडबडू नये.

मूक दोष

आतापर्यंतच्या दोषांत निदान यंत्र बोलते तरी. आता ज्यांत ते काहीच बोलत नाही, उत्तर देते आणि ते उत्तर चूक असते, अशा दोषांकडे वळू. वर्गात हात वर करून ‘गुरुजी, समजले नाही’ म्हणणाऱ्या मुलाची काळजी नसते. मान डोलवून चुकीचे समजणाऱ्या मुलाची असते. तसेच हे आहे.

आपल्या शिक्षिकेने ‘इनपुट’ या आज्ञेने ३८ ही उपस्थिती भरून घेतली आणि तिला १०० ने गुणले. उत्तर ३८०० ग्रॅम यावयास हवे. परंतु ‘इनपुट’ने मिळते ती संख्या नसून मजकूर असतो, आणि मजकुरास १०० ने गुणणे म्हणजे तो १०० वेळा लिहिणे. पडद्यावर ३८३८३८ अशी लांबलचक माळ उमटते. हा दोष निदान दिसतो तरी. परंतु दोन वर्गांची उपस्थिती ५ आणि ७ अशी मजकुरात भरून बेरीज केली, तर उत्तर ५७ येते, आणि ५७ ही संख्या दिसावयास अगदी साळसूद असते. भरलेली संख्या ‘इंट’ने आधी संख्येत आणावी.

दुसरे उदाहरण समासाचे. प्रत्येक इयत्तेची उपस्थिती मिळवीत जाण्यासाठी ‘एकूण’ आरंभी शून्य करावे लागते. ही ओळ चुकून पुनरावृत्तीच्या आत गेली, तर प्रत्येक इयत्तेच्या वेळी बेरीज पुन्हा शून्य होते आणि शेवटी फक्त शेवटच्या इयत्तेचा आकडा उरतो. आक्षेप येत नाही. साऱ्या शाळेसाठी एकाच वर्गाचा तांदूळ काढला जातो.

तिसरे उदाहरण दशांशाचे. १०० ग्रॅम म्हणजे ०.१ किलोग्रॅम. पायथॉनला ०.१ गुणिले ३ विचारले, तर उत्तर नेमके ०.३ येत नाही; दशांशचिन्हानंतरच्या सतराव्या स्थानी ४ हा अंक येतो. संगणक द्विमान पद्धतीने मोजतो आणि तीत एक दशांश हा अपूर्णांक पूर्णपणे लिहिता येत नाही, जसा एक तृतीयांश आपल्याला दशांशात पूर्णपणे लिहिता येत नाही. तांदळाला याने बाध नाही. परंतु ‘साठा ०.३ च्या बरोबर आहे काय’ असे विचारले तर यंत्र ‘नाही’ म्हणते. उपाय सोपा आहे : ग्रॅममध्ये, पूर्ण संख्यांत हिशेब करावा आणि किलोग्रॅम शेवटी दाखवावेत.

चौथे उदाहरण अधिक गंभीर आहे. एका मुलास दोन चाचण्यांत ३४ व ३५ गुण मिळाले, सरासरी ३४.५. शाळेत आपण अर्ध्याचा पूर्ण धरतो. पण पायथॉनची ‘राउंड’ ही आज्ञा बरोबर मध्यावरची संख्या जवळच्या सम संख्येकडे नेते. ती ३४.५ चे ३४ करते आणि ३५.५ चे ३६. उत्तीर्णतेची सीमा ३५ असेल, तर ज्या मुलास आपण हाताने उत्तीर्ण केले असते त्याला आज्ञावली अनुत्तीर्ण ठरविते, आणि कोणासही पत्ता लागत नाही. गुणांच्या कामी ‘राउंड’वर विसंबू नये; अर्धा मिळवून पूर्णांकाचा भाग घ्यावा, म्हणजे आपल्या रीतीचे उत्तर मिळेल.

पाचवे उदाहरण नावांचे. एका यादीत ‘केळवे’, दुसरीत ‘केळवा’, तिसरीत ‘केळवे’ आणि त्यापुढे चुकून पडलेली एक मोकळी जागा. यंत्राच्या लेखी ही तीन गावे. उलटपक्षी पालघर तालुक्यातील माहीम आणि मुंबईतील माहीम ही दोन ठिकाणे त्याच्या लेखी एकच. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा झाला. त्यामुळे जुन्या नोंदींत ‘ठाणे’ व नव्यांत ‘पालघर’ असणे स्वाभाविक आहे, पण यंत्रास ते ठाऊक नसते. मुलांच्या नावांचेही तसेच. ‘ऱ’ हे अक्षर एकाहून अधिक रीतींनी टंकता येते. डोळ्यांना एकच दिसणारी दोन नावे यंत्रास भिन्न वाटतात.

यात काय पणास लागते ते पाहा. दीर्घकाळ गैरहजर मुलांची यादी करताना आज्ञावली पटावरील नाव हजेरीतील नावाशी ताडून पाहते, आणि जे नाव जुळत नाही ते वगळते. आपल्या जिल्ह्यातील अनेक आदिवासी कुटुंबे शेतीचा हंगाम संपल्यावर वीटभट्ट्यांच्या कामासाठी घर सोडतात. अशा घरातील एखादी मुलगी शाळेत यावयाची थांबली, आणि तिच्या नावापुढील अदृश्य मोकळ्या जागेमुळे ती यादीतूनच गळली, तर तिच्या घरी चौकशीस कोण जाणार? यंत्राने आक्षेप घेतला नाही. यादी नीटनेटकी छापून आली. आणि एक मूल शाळेबाहेर गेले.

यावर दोन उपाय आहेत. पहिला यंत्राचा : ‘स्ट्रिप’ या आज्ञेने आगेमागेच्या मोकळ्या जागा काढाव्यात. दुसरा आपल्या शाळांचा जुनाच : प्रत्येक मुलास जनरल रजिस्टरचा क्रमांक असतो. ताडून पाहावयाचे ते नावाने नव्हे, त्या क्रमांकाने. आणि जो क्रमांक जुळला नाही तो वगळू नये. त्याची वेगळी यादी छापण्यास आज्ञावलीस सांगावे. मिळवणीत न बसलेले मूलच आपल्याला आधी पाहावयाचे असते.

शोधाची रीत

दोष कोणताही असो, पुढील क्रम उपयोगी पडतो.

(अ) उत्तर आधी माहीत असलेले उदाहरण द्यावे. १० मुलांना १ किलोग्रॅम तांदूळ, हे तोंडी हिशेबाने ठाऊक आहे. आज्ञावलीचे उत्तर त्याशी ताडून पाहावे. मग शून्य मुले, एक मूल व रिकामा रकाना देऊन पाहावे.

(आ) मधली मूल्ये छापून पाहावीत. गणितात आपण मुलांना ‘रीत दाखव’ म्हणतो. तसेच ‘प्रिंट’ने यंत्रास रीत दाखवावयास लावावे.

(इ) आज्ञावली लांब असेल तर मध्यावर मूल्य तपासावे. तेथे ते बरोबर असेल तर दोष पुढील अर्ध्यात आहे. चूक असेल तर मागील अर्ध्यात. असे अर्धे-अर्धे करीत गेल्यास शंभर ओळींतील दोषाची ओळ सात तपासण्यांत हाती येते.

(ई) एका वेळी एकच बदल करावा. तीन बदल एकदम केले आणि दोष गेला, तर कशाने गेला हे कळत नाही. न गेला तर नवा दोष शिरला काय, हेही कळत नाही.

(उ) आक्षेप दडपू नये. ‘ट्राय’ व ‘एक्सेप्ट’ या आज्ञांनी दोष आला तरी गप्प राहावयास यंत्रास सांगता येते. हे मुलाचे रडणे थांबविण्यासाठी त्याच्या तोंडावर हात ठेवण्यासारखे आहे. बोलका दोष त्यामुळे मूक होतो. या आज्ञा वापरल्याच तर कोणत्या दोषासाठी ते स्पष्ट सांगावे आणि तो दोष कोठे आला ते छापून घ्यावे.

(ऊ) दोन्ही रीतींनी अडले तर आज्ञावली ओळीओळीने सहकाऱ्यास मोठ्याने वाचून दाखवावी. ऐकणाऱ्यास पायथॉन येत नसले तरी चालते. सांगता सांगता सांगणाऱ्यासच चूक सापडते.

दोषवही

९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात मार्क-दोन हे गणकयंत्र अडले. तपासणी करता त्याच्या एका विद्युत्‌-स्विचमध्ये एक पतंग अडकलेला सापडला. तेथील मंडळींनी तो कीटक फेकून दिला नाही. नोंदवहीत चिकटविला आणि शेजारी वेळ व जागा लिहून ठेवली. यंत्रातील दोषास ‘कीटक’ म्हणण्याची इंग्रजी रूढी त्याहून जुनी आहे. पण त्या नोंदीतून घेण्यासारखा धडा आहे तो नोंद ठेवण्याचा.

प्रत्येक शाळेत अशी एक दोषवही असावी. तारीख, यंत्राचा संदेश, सापडलेले कारण आणि केलेला उपाय असे चार रकाने पुरेत. केंद्राच्या शिक्षण परिषदेस जाताना ती बरोबर न्यावी. कारण एका शाळेत दोन तास खाणारा दोष दुसऱ्या शाळेत दोन मिनिटांत ओळखला जातो. मुलांसाठीही हा उपक्रम चांगला आहे. एका जोडीने चालत्या आज्ञावलीत मुद्दाम एक दोष घालावा आणि दुसऱ्या जोडीने तो शोधावा, कारण सांगावे व वहीत लिहावे. चूक ही लपविण्याची वस्तू नसून वाचण्याची वस्तू आहे, हे यातून त्यांच्या ध्यानी येईल.

मुलाच्या पाटीवरील चुकीचे उत्तर पाहून जाणता शिक्षक ते नुसते पुसत नाही. मुलाने हातचा घेतला नाही की पाढा चुकविला, हे तो त्या चुकीवरूनच ओळखतो. तीच दृष्टी आज्ञावलीस लावावयाची आहे. यंत्र आक्षेप घेते तेव्हा तो वाचावा. आणि ते काहीच न बोलता सुंदर छापील यादी पुढे ठेवते, तेव्हा पट काढून एकदा मुले मोजावीत.